एसीचा कॉम्प्रेसर खरोखरच गेला आहे का? नवशिक्यांसाठी तपासणीचा क्रम

एसी चालू आहे, आतला पंखा वारा देतो आहे, पण खोली गार होत नाही, अशी तक्रार आली की अनेक ठिकाणी पहिला निदान एकच असतो: ‘कॉम्प्रेसर गेला.’ हा निदान बहुतेक वेळा घाईचा असतो. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, हा संपूर्ण यंत्रणेतला सर्वांत महाग भाग असला तरी तो सर्वांत नाजूक भाग नाही. त्याच्या आधी कॅपॅसिटर (मोटरला सुरू होण्याचा जोर देणारा भाग), सैल झालेले थिंबल (तारेच्या टोकाचा धातूचा जोड), कमी व्होल्टेज, बंद पडलेला आउटडोअरचा पंखा आणि गळून गेलेला गॅस असे कितीतरी संशयित रांगेत उभे असतात. म्हणून या लेखात कॉम्प्रेसरची तपासणी ज्या क्रमाने करायची, तो क्रम सांगितला आहे. आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी, उमेदवारी करणारे मदतनीस आणि सोसायटीच्या देखभालीचे काम पाहणारे वायरमन यांना नजरेसमोर ठेवून तो लिहिला आहे. घरमालकांनी तो समजून घेण्यासाठी जरूर वाचावा. आउटडोअरचे झाकण मात्र स्वतः उघडू नये.

उदाहरण म्हणून आपण घराघरांत दिसणारा दीड टनाचा, सिंगल फेजवर चालणारा, ठरावीक वेगाचा स्प्लिट एसी घेऊ. त्यात रोटरी प्रकारचा कॉम्प्रेसर असतो. पोलादी डब्यात मोटर आणि पंप दोन्ही बसवून तो डबा वेल्डिंगने कायमचा बंद केलेला असतो, त्यामुळे तो उघडून पाहण्याची सोय नसते. बाहेर येतात त्या फक्त तीन पिना आणि दोन पाइप. जे काही ठरवायचे ते या पिनांवरच्या मोजमापांवरून, पाइपांमधल्या दाबावरून आणि कानावर पडणाऱ्या आवाजावरून ठरवायचे असते. इन्व्हर्टर एसीचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या एसीचा, प्रकार वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

झाकण उघडण्याआधी

या कामात विजेच्या धक्क्याइतकाच मोठा धोका उंचीवरून पडण्याचा आहे. मुंबई-ठाण्यात आउटडोअर बहुधा खिडकीबाहेरच्या लोखंडी ब्रॅकेटवर असतो आणि समुद्रावरच्या खाऱ्या हवेने ते ब्रॅकेट आतून कुजलेले असू शकते. रंग लावलेला असल्यामुळे ते वरून धडधाकट दिसते. सेफ्टी बेल्ट भिंतीतल्या किंवा खोलीतल्या पक्क्या आधाराला अडकवल्याशिवाय बाहेर पाय टाकू नये आणि ब्रॅकेटलाच बेल्ट अडकवण्याचा वेडेपणा तर मुळीच करू नये.

त्यानंतर वीज. रिमोटने एसी बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. एमसीबी खाली पाडावा, त्यावर चिकटपट्टी लावावी आणि घरातल्या माणसांना तो वर करू नका म्हणून सांगावे. मग आउटडोअरच्या टर्मिनल पट्टीवर मीटर लावून वीज खरोखरच गेली असल्याची खात्री करावी. कॅपॅसिटरमध्ये वीज बंद झाल्यावरही भार शिल्लक असू शकतो, म्हणून त्याच्या दोन टोकांमध्ये सुमारे २० किलोओहमचा, दोन ते पाच वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरून तो रिकामा करावा आणि मीटरने शून्याजवळ आल्याचे पाहावे. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने कॅपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यालाही इजा होऊ शकते.

तिसरी गोष्ट पुस्तकांत क्वचित ठळकपणे सांगितलेली असते. कॉम्प्रेसरच्या पिना काचेसारख्या इन्सुलेशनमध्ये बसवलेल्या असतात आणि आत वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळून शॉर्ट झाले असेल तर ती पिन आतल्या दाबाने गोळीसारखी बाहेर फेकली जाऊ शकते. तिच्यामागून तेलाचा फवारा येतो आणि तो पेटू शकतो. रोटरी कॉम्प्रेसरचा डबा आतून डिस्चार्जच्या म्हणजे जास्त दाबाखाली असतो, त्यामुळे हा धोका अधिक. सांगायचे ते एवढेच की पिनांवरचे झाकण काढलेले असताना कॉम्प्रेसरला वीज देऊ नये आणि ज्या कॉम्प्रेसरमुळे एमसीबी पडतो आहे त्याच्यासमोर तोंड करून बसू नये.

हत्यारांमध्ये चांगला मल्टिमीटर, टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर), ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर), कॅपॅसिटन्स मोजण्याची सोय, गॅसच्या प्रकाराला चालणारे गेज (दाब मोजणारे घड्याळ) आणि पाने-पक्कड एवढे पुरते. टाँग टेस्टरमध्ये सुरुवातीचा क्षणिक करंट पकडण्याची सोय असेल तर फार उपयोग होतो.

आधी ऐकायचे

वीज देऊन, झाकणे जागेवर ठेवून, दोन मिनिटे आउटडोअरजवळ शांत उभे राहावे. थर्मोस्टॅट १८ अंशांवर लावलेला असावा आणि एसी सुरू झाल्यापासूनचा सुमारे तीन मिनिटांचा विलंब संपलेला असावा. हा विलंब माहीत नसल्यामुळे ‘कॉम्प्रेसर लागतच नाही’ असे ठरवून झाकण उघडणारे नवशिके बरेच असतात. स्टॅबिलायझरचा विलंब त्यात आणखी भर घालतो.

आता कानावर काय पडते त्यावरून वाटा फुटतात. पंखाही नाही आणि कॉम्प्रेसरही नाही, अशी अवस्था असेल तर वीजच बाहेर पोचत नसण्याची शक्यता मोठी. पंखा फिरतो आहे पण कॉम्प्रेसर पूर्ण मुका आहे, तर वायर, ओव्हरलोड (मोटर जास्त तापली की वीज तोडणारा स्विच) किंवा तुटलेले वाइंडिंग. कॉम्प्रेसर काही सेकंद जड आवाजात घुमतो, मग ‘टक्’ असा आवाज होऊन थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, तर कॅपॅसिटर, कमी व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप. कॉम्प्रेसर सुरू होतो पण पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतो, तर बहुधा तो तापतो आहे आणि त्याचे कारण त्याच्या बाहेर आहे. वीज देताक्षणी एमसीबी पडतो, तर शॉर्ट किंवा अर्थ (वीज कॉम्प्रेसरच्या धातूच्या बॉडीत उतरणे). आणि सारे व्यवस्थित चालले आहे, पण गारवा नाही, तर गॅस किंवा पंपाचा प्रश्न. ही ढोबळ विभागणी झाल्यावरच मीटर हातात घ्यावा.

वीज पोचते आहे का

इनडोअरच्या पीसीबीवरचा (इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचा) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आउटडोअरला वीज पाठवतो. आउटडोअरच्या पट्टीवर न्यूट्रल आणि कॉम्प्रेसरची तार यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. ते मिळत नसतील तर कॉम्प्रेसरला हात लावण्याचे कारणच नाही. दोष रिलेत, सेन्सरमध्ये किंवा मधल्या केबलमध्ये आहे. ही केबल उंदरांनी कुरतडलेली आढळणे हे आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही.

व्होल्टेज मोजताना मात्र एक चूक टाळावी. कॉम्प्रेसर बंद असताना २२५ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी ते किती खाली जाते ते पाहावे. सुरू होताना मोटर चालू करंटच्या चार ते सहा पट करंट ओढते, आणि वायर बारीक असेल किंवा थिंबल सैल असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळते. ते १९० च्या खाली जात असेल तर चांगला कॉम्प्रेसरही घुमून थांबेल. ग्रामीण भागात संध्याकाळी कृषिपंप आणि घरगुती भार एकत्र आले की मुळातलेच व्होल्टेज उतरते, म्हणून तक्रार ‘फक्त संध्याकाळी’ अशी असेल तर सकाळी जाऊन केलेली तपासणी निरुपयोगी ठरते.

टर्मिनल पट्टीकडे डोळ्यांनीही नीट पाहावे. काळवंडलेले थिंबल, वितळून चिकटलेले इन्सुलेशन, हिरवट चढलेले तांबे ही सगळी सैल जोडाची खूण. कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात हा गंज इतका लवकर चढतो की दर सर्व्हिसिंगला थिंबल घासून पुन्हा घट्ट करणे हे कामाचा भागच समजावे.

कॅपॅसिटर: सर्वांत आधी, सर्वांत नीट

सिंगल फेज मोटरला फिरण्याची दिशा आणि जोर मिळतो तो कॅपॅसिटरमुळे. एक तार ओव्हरलोडमधून कॉमन पिनेला जाते, दुसरी रन पिनेला, आणि रन व स्टार्ट या दोन पिनांच्या मध्ये कॅपॅसिटर असतो. दीड टनाच्या यंत्रात तो साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा असतो. नेमका आकडा कॉम्प्रेसरच्या किंवा यंत्राच्या लेबलवर छापलेला असतो आणि तोच अंतिम मानावा.

कॅपॅसिटर फुगलेला किंवा तेल गळालेला असेल तर मोजण्याचीही गरज नाही, बदलावा. पण बऱ्याच वेळा तो बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून क्षमता गमावून बसलेला असतो. तो रिकामा करून, निदान एक तार काढून, मीटरने मोजावा. लेबलवर सहसा पाच टक्क्यांची सूट लिहिलेली असते. ३५ चा कॅपॅसिटर ३३ च्या खाली आला तर तो बदलण्याजोगा झाला असे समजावे.

कॉम्प्रेसर चालू असेल तर कॅपॅसिटर न काढताही हिशेब करता येतो. स्टार्ट पिनेकडे जाणाऱ्या तारेतला करंट टाँग टेस्टरने घ्यावा, कॅपॅसिटरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज घ्यावे, करंटला ३१८३ ने गुणून व्होल्टेजने भागावे. उत्तर मायक्रोफॅरडमध्ये येते. समजा करंट ३.२ अँपिअर आणि व्होल्टेज ३५० मिळाले, तर उत्तर सुमारे २९ येते. लेबलवर ३५ असेल तर दोषी सापडला. कॅपॅसिटरवर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दिसते म्हणून गोंधळू नये, ते तसेच असते. हा गुणक ५० हर्ट्झच्या विजेसाठी, म्हणजे भारतासाठी आहे. आखाती देशांतल्या सौदी अरेबियासारख्या ६० हर्ट्झच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी ३१८३ ऐवजी २६५२ घ्यावा. मोजमाप चालू यंत्रावर आहे, तेव्हा हे अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

जवळच पंख्याचा छोटा कॅपॅसिटर असतो, काही यंत्रांत तो मोठ्याच डब्यात एकत्र असतो. तो कमकुवत झाला की पंखा फिरतो, पण हळू फिरतो. कंडेन्सरची, म्हणजे आउटडोअरमधल्या गरम कॉइलची, उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो आणि ओव्हरलोड कॉम्प्रेसर बंद करतो. वरकरणी दोष कॉम्प्रेसरचा दिसतो आणि असतो काही रुपयांच्या कॅपॅसिटरचा.

तीन पिनांचा हिशेब

कॅपॅसिटर आणि वीज चांगली निघाली तरच इथपर्यंत यावे. वीज बंद करून, झाकण काढून, तिन्ही तारांचा मोबाइलने फोटो घ्यावा आणि मग त्या काढाव्यात. झाकणावर सी, आर, एस अशी खूण बहुधा असते, पण ती नसली किंवा पुसली गेली तरी पिना ओळखता येतात.

मल्टिमीटर सर्वांत लहान ओहमच्या पट्ट्यावर ठेवून आधी त्याच्या दोन प्रोब एकमेकींना टेकवाव्यात. समजा ०.३ दिसले, तर तेवढा आकडा प्रत्येक मापातून वजा करायचा. आपण जे मोजतो आहोत ते मुळातच दोन-तीन ओहमचे असल्यामुळे हा ०.३ दुर्लक्षिण्याजोगा नाही. आता पिनांना १, २, ३ असे क्रमांक देऊन तिन्ही जोड्या मोजू. समजा वजाबाकीनंतर १ आणि २ मध्ये ५.६, १ आणि ३ मध्ये २.२, तर २ आणि ३ मध्ये ३.४ ओहम मिळाले. सर्वांत मोठे माप ज्या जोडीत आले, तिच्यात जी पिन नाही ती कॉमन. म्हणजे इथे ३. कॉमनपासून कमी रोध असलेली पिन रन, म्हणजे १. उरलेली २ ही स्टार्ट. आणि पडताळा असा की रन व स्टार्ट यांच्यामधले माप हे उरलेल्या दोन मापांची बेरीज असले पाहिजे: २.२ आणि ३.४ मिळून ५.६. बेरीज जुळली की वाइंडिंग अखंड आहे असे म्हणता येते.

आता न जुळणारी उदाहरणे. कॉमन ते रन अनंत, पण कॉमन ते स्टार्ट व्यवस्थित, तर रन वाइंडिंग तुटले. कॉम्प्रेसर बदलण्यावाचून इलाज नाही. कॉमनपासूनची दोन्ही मापे अनंत, पण रन ते स्टार्ट मात्र बरोबर, हा प्रकार नवशिक्यांना हमखास फसवतो. वाइंडिंग इथे शाबूत आहे; कॉमनच्या वाटेत डब्याच्या आत बसवलेला ओव्हरलोड तापून उघडला आहे. कॉम्प्रेसर हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. तापलेला डबा निवायला एक-दोन तासही लागतात, आणि घाई करून ‘वाइंडिंग ओपन’ असा शेरा मारला तर चांगला कॉम्प्रेसर भंगारात जातो. पूर्ण गार झाल्यावरही तो ओव्हरलोड जुळला नाही तरच कॉम्प्रेसर बाद. ओव्हरलोड बाहेर, पिनांच्या झाकणाखाली असेल तर काम सोपे: तो काढून त्याच्या दोन टोकांमध्ये मोजावे, गार असताना शून्याजवळ आले पाहिजे. तो खराब असेल तर त्याच मापाचा नवा बसवावा. तारेने जोडून ‘डायरेक्ट’ करून ठेवणे हा गुन्हाच मानावा.

मापे अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली आणि चालू करंट लेबलपेक्षा जास्त असेल तर वाइंडिंगचे वेढे आपसांत शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. तुलना करताना तापमान लक्षात ठेवावे, कारण तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. ३० अंशांवरचे माप ८० अंशांवर जवळपास २० टक्के मोठे दिसते.

बॉडीला अर्थ आहे का

एमसीबी किंवा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर ही तपासणी निर्णायक. तिन्ही तारा काढलेल्या असल्याच पाहिजेत, नाहीतर केबलचा किंवा पंख्याच्या मोटरचा दोष कॉम्प्रेसरच्या माथी बसतो. मेगरची एक प्रोब पिनेवर आणि दुसरी तांब्याच्या पाइपवर, रंग खरवडून चकचकीत केलेल्या जागी लावावी. निरोगी कॉम्प्रेसर अनेक मेगाओहम दाखवतो. एक मेगाओहमच्या खालचे माप संशयास्पद, आणि शून्याजवळचे म्हणजे वाइंडिंग बॉडीला लागलेले.

मल्टिमीटरवर हीच तपासणी अपुरी पडते, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो आणि जे इन्सुलेशन तेवढ्याला टिकते ते २३० व्होल्टला टिकेलच असे नाही. उलट दिशेनेही फसगत होते. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्रात द्रवरूप गॅस डब्यात उतरून तेलात मिसळलेला असतो आणि त्यामुळे मेगरचे माप कमी येते. असे काठावरचे माप आले तर डबा गरम झाल्यावर पुन्हा मोजावे. ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीचा हिशेब केला तर २३० व्होल्टला साडेसात किलोओहमच्या आसपासची गळतीही त्याला पाडायला पुरते, तेव्हा ईएलसीबी खरोखर कॉम्प्रेसरमुळे पडत असेल तर मेगरवर ते लपत नाही.

यंत्रणा व्हॅक्यूमखाली असताना मात्र मेगर कधीही लावू नये आणि कॉम्प्रेसरही सुरू करू नये. विरळ हवेत पिनांमध्ये ठिणगी उडते आणि नवाकोरा कॉम्प्रेसर जागीच जळतो.

जाम झालेला कॉम्प्रेसर

वीज पुरेशी, कॅपॅसिटर नवा, वाइंडिंग बरोबर, अर्थ नाही, तरीही कॉम्प्रेसर घुमतो आणि टक् करून थांबतो. टाँग टेस्टर लावल्यावर लेबलवरच्या एलआरए (मोटर अडकलेली असताना ओढला जाणारा करंट) या आकड्याजवळचा करंट दिसतो आणि तो खाली उतरतच नाही. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये हा करंट क्षणार्धात उतरून दीड टनाला साधारण सात-आठ अँपिअरवर स्थिरावतो. तो उतरत नसेल तर आतला रोलर (पंपाचा फिरणारा भाग) अडकला आहे.

पण त्याआधी एकदा दाब पाहावा. यंत्र नुकतेच बंद होऊन लगेच सुरू झाले असेल तर दोन्ही बाजूंचे दाब समान झालेले नसतात आणि तेवढ्याने मोटर अडते. दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. तरीही अडत असेल तर हार्ड स्टार्ट किट, म्हणजे पीटीसी (तापला की वीज रोखणारा भाग) आणि जादा कॅपॅसिटर यांची जोडी, तात्पुरती लावून पाहता येते. तिने कॉम्प्रेसर सुटला तर ग्राहकाला स्पष्ट सांगावे की आतील झीज गेलेली नाही आणि यंत्र किती दिवस चालेल याची खात्री देता येत नाही. हातोडीने डबा ठोकून सुरू करण्याची विद्याही कानावर येईल. एखादेवेळी ती लागू पडते, पण तिला दुरुस्ती म्हणू नये.

चालतो, पण गारवा नाही

इथे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात आणि त्यांची गल्लत झाली की ग्राहकाचे पैसे वाया जातात. गॅस कमी असला तरी करंट कमी दिसतो आणि पंप झिजून दाब टाकत नसला तरी करंट कमीच दिसतो. फरक गेजवर कळतो. गॅस कमी असेल तर सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस ओढला जाणाऱ्या बाजूचा, दाबही कमी असतो आणि कॅपिलरीनंतरच्या (गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद नळीनंतरच्या) बारीक पाइपवर बर्फ धरतो. पंप गेला असेल तर सक्शनचा दाब उलट जास्त राहतो, डिस्चार्जचा चढत नाही, आणि कॉम्प्रेसर चालू केला तरी गेजचा काटा बंद असतानाच्या जागेवरून फारसा हलत नाही.

तुलनेसाठी गॅसच्या प्रकाराप्रमाणे अंदाजे आकडे: चालू यंत्रात सक्शनचा दाब आर-२२ ला ६० ते ७०, आर-४१०ए ला ११० ते १३०, तर आर-३२ ला ११५ ते १४५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) दरम्यान असतो. यंत्र बंद असताना, ३० अंश तापमानाला, आर-२२ सुमारे १५८, आर-४१०ए सुमारे २६०, आर-३२ सुमारे २६५ आणि आर-२९० सुमारे १४० पीएसआय दाखवतो. बंद असतानाचा दाब बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असे मात्र नव्हे. आत थोडासा जरी द्रव उरला असेल तरी दाब तेवढाच दिसतो. गॅसचा प्रकार लेबलवर पाहिल्याशिवाय कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

पंपाची खरी परीक्षा पुढीलप्रमाणे. सक्शनच्या चार्जिंग पिनला (गॅस भरण्याच्या तोंडाला) गेज लावावे, यंत्र सुरू करावे आणि एलन कीने बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करावा. चांगला कॉम्प्रेसर मिनिटा-दोन मिनिटांत दाब शून्याकडे ओढतो. शून्याजवळ येताच जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र ताबडतोब बंद करावे. काटा ३०-४० पीएसआयवरच रेंगाळला तर पंपाचे व्हॉल्व्ह किंवा व्हेन (रोलरला टेकून सरकणारी पाती) झिजले आहेत. ही परीक्षा ज्या यंत्रात गळती असल्याचा संशय आहे, किंवा ज्याचा पाइप सुटलेला आहे, त्यात करूच नये. दाब शून्याखाली गेला की तिथून हवा आत ओढली जाते, आणि हवा, तेल आणि दाब एकत्र आले की आतल्या आत स्फोट होऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. असे अपघात खरोखर घडतात आणि समोर बसलेला माणूस त्यात वाचेलच असे नाही.

रोटरीचा डबा हाताला चटका देण्याइतका तापणे हा मात्र दोष नाही. डिस्चार्जचा गरम गॅस डब्यातूनच जातो, त्यामुळे ७०-८० अंश हे त्याचे नेहमीचे तापमान. त्याहून फार पुढे जाऊन ओव्हरलोड उघडत असेल तर कंडेन्सर पाहावा. नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंशांच्या दुपारी बंद बाल्कनीत ठेवलेला आउटडोअर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. पुण्या-मुंबईत कबुतरांच्या घरट्यांनी कॉइल बुजलेली असते. पाण्याच्या फवाऱ्याने कॉइल धुतल्यावर ‘गेलेले’ कॉम्प्रेसर पुन्हा चालू लागतात.

बाद ठरलाच तर

जुना काढण्याआधी तो का गेला याचे उत्तर हातात असावे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. गॅस हवेत सोडू नये, रिकव्हरी मशीनने काढावा. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन तर सहज पेटणारा. गॅस पूर्ण काढून, नायट्रोजन फिरवून, पाइप कटरने कापावेत, आधीच टॉर्च लावू नये. जळालेल्या कॉम्प्रेसरचे तेल काळे, उग्र वासाचे आणि आम्लयुक्त असते, ते उघड्या हाताला लागू देऊ नये. अशा वेळी पाइप नायट्रोजनने साफ करणे, फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा टिपणारा भाग) बदलणे आणि कॅपिलरी तपासणे अनिवार्य आहे. नवा कॉम्प्रेसर त्याच गॅसचा, त्याच तेलाचा आणि त्याच क्षमतेचा हवा. आर-२२ चे खनिज तेल आणि आर-४१०ए किंवा आर-३२ ची सिंथेटिक तेले यांची सरमिसळ चालत नाही. दाबाची चाचणी फक्त रेग्युलेटर लावलेल्या नायट्रोजनने करावी; ऑक्सिजन तेलाला भिडला की स्फोट होतो. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे अतिकमी दाबाचे एकक) नेऊन तिथे टिकतो का ते पाहावे आणि मगच लेबलवरच्या ग्रॅमप्रमाणे वजनकाट्यावर गॅस भरावा.

अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांपर्यंत वॉरंटी देतात. पाइप कापण्याआधी बिलाची तारीख विचारावी, कारण एकदा बाहेरच्या माणसाने तो कापला की वॉरंटीचा दावा अडचणीत येतो.

इन्व्हर्टर एसी असेल तर

वर सांगितलेले कॅपॅसिटर, स्टार्ट आणि रन हे सारे इथे विसरावे. इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरला यू, व्ही, डब्ल्यू अशा तीन पिना असतात आणि तिन्ही जोड्यांमधले माप सारखे असावे लागते. ते बहुधा एक ओहमच्या आगेमागे असते, म्हणून साध्या मीटरवर आकड्यापेक्षा समानता पाहावी. एक जोडी वेगळी आली तर वाइंडिंग दोषी. बॉडीची तपासणी मेगरने आधीसारखीच, पण तिन्ही तारा पीसीबीपासून सोडवल्याशिवाय नाही. मेगरचे ५०० व्होल्ट बोर्डात शिरले तर चांगला बोर्ड मरतो.

या कॉम्प्रेसरला थेट २३० व्होल्ट देऊन ‘चेक’ करण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. तो चालत तर नाहीच, वर जळतो. आउटडोअरच्या बोर्डावरच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त डीसी असते आणि एमसीबी पाडल्यावरही ती काही मिनिटे टिकते. किमान दहा मिनिटे थांबून, डीसीच्या पट्ट्यावर मोजून, मगच हात घालावा.

कॉम्प्रेसरची तिन्ही मापे सारखी आणि अर्थ नाही, असे असेल तर संशय बोर्डावरच्या आयपीएम या, कॉम्प्रेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर जातो. कॉम्प्रेसरच्या तारा काढून, डायोडच्या पट्ट्यावर यू, व्ही, डब्ल्यू यांची डीसीच्या धन आणि ऋण टोकांशी तुलना करावी. सहाही मापे एकमेकांच्या जवळ आली पाहिजेत, एखादे शून्य आले तर आयपीएम शॉर्ट आहे. डिस्प्लेवरचा एरर कोड आधी टिपून ठेवावा, कारण वीज बंद केल्यावर तो बहुतेक यंत्रांत पुसला जातो. एकाच कोडचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा असतो, तेव्हा त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहूनच तो वाचावा.

काम संपल्यावर सुरू होतानाचा आणि स्थिर झाल्यावरचा करंट, चालू व्होल्टेज, सक्शनचा दाब आणि त्या दिवशीचे बाहेरचे तापमान हे आकडे पक्क्या शाईने कागदावर लिहून आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. पुढच्या उन्हाळ्यात त्याच यंत्रावर येणाऱ्या माणसाला तुलना करायला त्याहून चांगले काही मिळणार नाही.